ऑइल वाढलं? आधी वास घ्या!

मनाली ते लेह करून आलेल्या कोणालाही विचारा, गप्पांची सुरुवात श्वासापासून होते. बारालाचाला डोकं फुटायची वेळ आली, सरचूला रात्रभर झोप नाही, पांगला मॅगी खाल्ली आणि तीही बाहेर आली. माणसाला उंची लागते हे आता सगळ्या ग्रुपला पाठ असतं. कोणाच्या तरी बॅगेत डायमॉक्सची पट्टी असते, कोणाकडे बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असतं. गाडीलाही उंची लागते, पण ती डोकं धरून बसत नाही. ती नेहमीपेक्षा दमते, काळा धूर सोडते आणि कधी कधी एक भलतीच गोष्ट करते. तिचं इंजिन ऑइल वाढतं!

पहिल्यांदा बघणाऱ्याला आनंदच होतो. ऑइल कमी झालं तर काळजी, वाढलं तर बरंच की! पण इंजिनात ऑइलचा झरा नसतो. पातळी वर गेली म्हणजे बाहेरून काहीतरी आत आलंय. ते पाणी असेल, पेट्रोल असेल, किंवा आपण मोजण्यात गडबड करतोय. या तिघांपैकी नेमकं कोण, हे शोधायचं आणि तेही पंधरा हजार फुटांवर, जिथे जवळचं गॅरेज शंभर-दीडशे किलोमीटरवर आहे. मनालीहून निघालं की तांदीच्या पेट्रोल पंपावरची पाटी सगळ्यांच्या इन्स्टावर असतेच: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. त्या रस्त्यावर चुकीचं निदान केलं तर इंजिन जाम होणार, गाडी ट्रकवर चढणार आणि वर्षभर वाचवलेल्या पैशांचा बोऱ्या वाजणार.

आधी पेट्रोल तिथे पोहोचतंच कसं ते बघू. कार्ब्युरेटर ही साधी, थोडी ढ गोष्ट आहे. आत जाणारी हवा एका अरुंद गळ्यातून जोरात जाते, तिथे दाब कमी होतो आणि जेटमधून पेट्रोल ओढलं जातं. किती हवा गेली हे तो ‘मोजत’ नाही, त्याला फक्त ओढ कळते. टगलांग ला साधारण ५,३०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा आणि हवेची घनता साठ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे प्रत्येक घोटात ऑक्सिजन खूपच कमी. पेट्रोल मात्र त्याच प्रमाणात कमी होत नाही. ते घनतेच्या वर्गमुळाच्या हिशेबाने कमी होतं. गणित मांडून बघा, पुण्या-मुंबईसाठी नीट बसवलेलं मिश्रण तिथे जवळजवळ तीस टक्के जास्त ‘रिच’ होतं. काही गाड्यांच्या कार्ब्युरेटरमध्ये व्हॅक्यूमवर हलणारा पिस्टन असतो, त्या थोडं सांभाळून घेतात. जुन्या साध्या कार्ब्युरेटरला तेही जमत नाही.

हे जादाचं पेट्रोल सगळं जळत नाही. काही काजळी होऊन सायलेन्सरमधून जातं, काही प्लग ओला करतं. उरलेलं सिलिंडरच्या भिंतीवरची ऑइलची पातळ फिल्म धुऊन रिंगांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये उतरतं. त्यात सकाळी सरचूला शून्याच्या आसपास थंडी, चोक ओढून दहा मिनिटं गाडी ‘गरम’ करणं, वरून चहा होईपर्यंत आयडलिंग. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते थेंबांनीच खाली जातं. गाडीला ऊब यावी म्हणून आपण जे करतो, त्यानेच आजार वाढतो.

दुसरा रस्ता जास्त धोक्याचा आणि त्याचा उंचीशी थेट संबंधही नाही. कार्ब्युरेटरच्या वाटीत एक फ्लोट असतो, अगदी आपल्या गच्चीवरच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखा. वाटी भरली की फ्लोट वर येतो आणि सुई भोक बंद करते. जेरीकॅनमधून गाळण न लावता भरलेल्या पेट्रोलमधला कचरा त्या सुईखाली अडकला आणि रात्री पेट्रोलचा नॉब चालूच राहिला, तर काही गाड्यांत टाकीतलं पेट्रोल थेंबथेंब सिलिंडरमार्गे खाली जमत राहतं. सकाळी उठून बघावं तर ऑइल दोन बोटं वर!

आणि निदानाचं अर्धं काम इथेच होतं. पातळी रात्रीतून वाढली की दिवसभराच्या रायडिंगनंतर? रात्रीतून वाढली तर सुई आणि नॉब बघा. दिवसा हळूहळू वाढली तर रिच मिश्रण, चोक, तुंबलेला एअर फिल्टर. त्यासाठी संध्याकाळी थांबल्यावर एकदा आणि सकाळी सेल मारण्याआधी एकदा, अशी दोनदा पातळी बघायला हवी. हा प्रश्न कळला तर पुढचं सोपं जातं.

आधी मोजायला शिका

पातळी वाढल्याच्या निम्म्या तक्रारी या मोजण्याच्या तक्रारी असतात, असं माझं मत. गाडी साइड स्टँडवर असेल तर पातळी वेगळी दिसते. कॅम्पची जमीन उताराची असेल तर वेगळी. इंजिन बंद केल्या केल्या बघितलं तर बरंच ऑइल अजून वरच असतं, काही मिनिटांनी खाली येतं. डिपस्टिक आटे फिरवून आत घट्ट करायची की नुसती टेकवायची, हेही प्रत्येक गाडीचं वेगळं. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. हो, तेच, जे सीटखाली प्लॅस्टिकमध्ये तसंच पडलंय.

शिवाय आपल्या गल्लीतला गॅरेजवाला. लडाखला चाललोय म्हटलं की तो प्रेमाने म्हणतो, ‘‘थोडं वरच टाकलंय, लांब चाललात ना!’’ मग सातशे किलोमीटरनंतर वर दिसणारी पातळी ही निघतानाच वर होती, हे कोण सांगणार? म्हणून निघायच्या आदल्या दिवशी गाडी सपाट जागी सरळ उभी करून डिपस्टिकचा किंवा ऑइलच्या काचेचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ग्रुप फोटोंच्या हजारात हा एक फोटो चालेल. नंतर प्रत्येक वेळी त्याच पद्धतीने बघायचं आणि त्या फोटोशी ताडायचं.

पातळीचा आणखी एक फसवा खेळ आहे. समजा, जुनी गाडी थोडं ऑइल पिते. ती रोज थोडं ऑइल जाळतेय आणि तेवढंच पेट्रोल खाली येतंय. पातळी जिथल्या तिथे! तुम्ही खूश, आणि आत ऑइलचं सरबत होतंय. दीडशे सीसीच्या बाइकमध्ये ऑइल साधारण एक लिटर. त्यात ५० मिली पेट्रोल गेलं, म्हणजे एका कटिंगहूनही कमी, तरी ते पाच टक्के झालं. ऑइल तपासणाऱ्या लॅब ढोबळमानाने दोन टक्क्यांपर्यंत फारसं काही म्हणत नाहीत, पाचच्या वर गेलं की धोक्याचा शेरा मारतात. आणि ५० मिलीने डिपस्टिकवरची रेघ किती हलेल? जेमतेम. त्यामुळे पातळी स्पष्ट वर दिसते तेव्हा प्रकरण पुढे गेलेलं असतं आणि पातळी ठीक दिसते तेव्हा सगळं ठीक असेलच असं नाही.

नाक, कागद आणि काच

मग वास. डिपस्टिक काढा आणि नाकाजवळ न्या. पेट्रोल असेल तर वास येतो. पण लडाखच्या रस्त्यावर कशाला पेट्रोलचा वास येत नाही? पाच लिटरचा कॅन सॅडलबॅगला बांधलेला असतो. वर गेल्यावर बाहेरचा दाब कमी झाल्याने तो फुगतो आणि झाकणातून श्वास सोडतो. ग्लोव्ह्जना वास, जॅकेटला वास, ज्या फडक्याने डिपस्टिक पुसली त्यालाही वास. म्हणून हात साबणाने धुवा, टिश्यू पेपर नवा घ्या आणि ज्याने आज पेट्रोल भरलं नाही अशा मित्राला वास घ्यायला सांगा. सोबत नेलेल्या नव्या ऑइलच्या बाटलीचाही वास त्याला द्या. कोणता कुठला ते न सांगता. हे वाचायला गंमत वाटेल, पण तुलना केल्याशिवाय नाकावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही.

कागदाची युक्ती सायन्सवाल्यांना आवडेल. अकरावीत पेपर क्रोमॅटोग्राफी केली होती ना? तेच इथे. लॅबमधले दोन-चार फिल्टर पेपर वहीत घालून न्या. एकावर नव्या ऑइलचा थेंब, दुसऱ्यावर इंजिनातला. कागद आडवा, हवेत अधांतरी, म्हणजे खालून कशाला टेकणार नाही असा ठेवा. काजळी मध्ये काळी राहते, ऑइल त्याभोवती पसरतं आणि पातळ इंधन सगळ्यात पुढे धावून बाहेर फिकट कडं करतं. पाणी असेल तर डागाची कड वेडीवाकडी, दातेरी होते. एक अडचण मात्र आहे. पेट्रोल उडून जातं, त्यामुळे त्याचं कडं पुसट होत जातं. सकाळपर्यंत थांबू नका, पहिल्या तासाभरात बघा, फोटो काढा. डिझेल तसं उडत नाही, त्याचं कडं टिकतं.

पाण्याची शंका आली की ऑइल भरायच्या टोपणाची आतली बाजू बघतात. तिथे पांढुरकं, दह्याच्या साईसारखं काही दिसलं की लोक घाबरतात. थंडीत छोट्या छोट्या राइड्स केल्या की आतल्या वाफेचं पाणी होऊन टोपणाला असा थर जमतोच. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तर मात्र प्रकरण पाण्याचं.

तिसरी परीक्षा पातळपणाची. गाडीचा आरसा काढा किंवा स्टीलची ताटली घ्या, तिरकी धरा, वरच्या टोकाला दोन थेंब शेजारी शेजारी सोडा: एक नवं ऑइल, एक इंजिनातलं. कोण आधी खाली पोहोचतं? इंजिनातलं फारच पुढे गेलं तर संशय पक्का होतो. पण इथे चीटिंग होऊ शकते. बाटली रात्रभर बाहेर थंडीत होती आणि इंजिन आत्ताच बंद केलंय, तर गरम ऑइल पळणारच. दोन्ही एकाच तापमानाला येऊ द्या. आणि तीन-चार हजार किलोमीटर चाललेलं ऑइल वापरानेही थोडं पातळ होतं, विशेषतः जिथे गिअर आणि क्लच त्याच ऑइलमध्ये फिरतात अशा बाइकमध्ये. एकटी ही परीक्षा म्हणजे पुरावा नव्हे. वास, कागद आणि काच तिन्ही एकच बोट दाखवत असतील तर मात्र ऐका.

आणि एक परीक्षा अजिबात करू नका. ऑइल कागदावर घेऊन काडी लावून बघायचं, ‘पेट्रोल असेल तर भडकेल’. शेजारी भरलेला जेरीकॅन, तंबूचं नायलॉन, वर वारा. हे सांगणारा मित्र ग्रुपमध्ये असतोच. त्याला चहा आणायला पाठवा.

लॅबमध्येही तत्त्व तेच आहे, फक्त बंदिस्त. इंजिन ऑइलचा फ्लॅश पॉइंट साधारण २०० अंशांच्या वर असतो. पेट्रोल मिसळलं की तो झपकन खाली येतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला पेन्स्की-मार्टेन्सचं उपकरण आणि रेडवूड व्हिस्कोमीटर बघून आपण ‘हे कधी वापरणार’ म्हणत जांभया दिल्या, ते हेच! रेडवूडच्या कपातून ५० मिली ऑइल पडायला किती सेकंद लागतात ते मोजायचं, बस्स. लडाखहून परत येताना बदललेल्या ऑइलचा नमुना आणला तर प्रॅक्टिकलच्या बाईही खूश होतील. फक्त काचेची छोटी बाटली काठोकाठ भरून घट्ट बंद करा. वर मोकळी जागा राहिली तर पेट्रोल आधी त्या जागेत उडतं आणि झाकण उघडताच पुरावा पसार. किती टक्के पेट्रोल हे नेमकं हवं असेल तर गॅस क्रोमॅटोग्राफीच लागते.

या उडून जाण्याच्या गुणाचा उपयोग माणसाने मुद्दामही केलाय. दुसऱ्या महायुद्धातल्या अनेक विमानांत ‘ऑइल डायल्यूशन’ नावाचा स्विच असायचा. कडाक्याच्या थंडीत रात्री इंजिन बंद करण्याआधी पायलट स्वतःच थोडं पेट्रोल ऑइलमध्ये सोडायचा. सकाळी ऑइल डांबरासारखं घट्ट न राहता इंजिन फिरायचं आणि तापलं की पेट्रोल वाफ होऊन निघून जायचं. डकोटा विमानांतही ही सोय होती. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी लेहच्या कच्च्या धावपट्टीवर उतरवलं ते विमान डकोटाच.

तर पेट्रोल गरम इंजिनातून उडतं, हा निदानाचा शेवटचा धागा. लेहला पोहोचलात, सिंधूच्या काठाने सपाट रस्त्यावर तासभर एका लयीत गाडी चालवली आणि वाढलेली पातळी खाली आली, वासही कमी झाला, तर ते पेट्रोलच होतं. याचा अर्थ आता ऑइल ठणठणीत झालं असा नाही. हलका भाग उडतो, जड भाग मागे राहतो.

पांगला काय करायचं?

मुद्द्याचा प्रश्न. पातळी वर, वास स्पष्ट, आणि समोर मोरे प्लेन्स व टगलांग ला. इंजिनचा टकटक आवाज वाढलाय, गिअर खडखडत पडतायत, तर पुढे रेटू नका. पातळ ऑइल बेअरिंगमध्ये फिल्म धरत नाही आणि चढावर खालच्या गिअरमध्ये इंजिनावर जोर सगळ्यात जास्त असतो. बरेच जण नट सैल करून जादाचं ऑइल सोडतात आणि पातळी रेघेवर आणून निश्चिंत होतात. याने फक्त डिपस्टिकचं समाधान होतं. उरलेलं ऑइल तेवढंच पातळ असतं. पूर्ण बदलायला हवं, आणि म्हणूनच योग्य ग्रेडचं एक लिटर सोबत हवं. ढाब्यावर ट्रकचं ऑइल मिळालं तर? बाइकचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, कारचं किंवा ट्रकचं ऑइल त्याला मानवेलच असं नाही, क्लच घसरू शकतो. पण पेट्रोलमिश्रित ऑइलपेक्षा ते बरं. लेहपर्यंत हळू जा आणि तिथे पुन्हा बदला. काढलेलं ऑइल वाळूत ओतायचं नाही. रिकाम्या बाटलीत भरून लेहच्या गॅरेजला द्या. त्या वाळवंटात पडलेलं ऑइल धुऊन न्यायला पाऊसही येत नाही.

कारण तसंच ठेवून ऑइल बदलणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. रात्री नॉब बंद. चोक गाडी सुरू होईपर्यंतच, नंतर लगेच हळू चालवायला लागा. प्लग काढून बघा, काजळीने मखमली काळा असेल तर मिश्रण रिच आहे. मुक्काम बरेच दिवस वरच असेल तर मेकॅनिककडून एक नंबर लहान मेन जेट बसवून घ्या, पण मनालीला उतरल्यावर जुना परत लावायचा, नाहीतर खाली गाडी पेट्रोलला उपाशी राहून तापते. एअर स्क्रू पिळत बसणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, त्याचा परिणाम मुख्यतः आयडलिंगवर होतो. आणि ‘एअर फिल्टर काढून टाक, गाडीला हवा मिळेल’ हा सल्ला तर खारदुंग लाच्या त्या जुन्या १८,३८० फुटांच्या पाटीइतकाच खरा. (जीपीएसने मोजलं की ती उंची १७,६०० फुटांच्याही आत भरते.) फिल्टर काढला की मोरे प्लेन्सची पिठासारखी धूळ थेट सिलिंडरमध्ये, आणि ती रिंगा घासते. मग पेट्रोल खाली उतरायला वाट आणखी मोठी.

‘‘आमची एफआय आहे, आम्हाला काय!’’ असं म्हणणाऱ्यांचं बरंचसं खरं आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या बाइकमधून कार्ब्युरेटर जवळपास गेलाच. सेन्सर हवेचा दाब बघतो, पेट्रोल त्यानुसार कमी होतं. तरी गळका इंजेक्टर आणि थंडीतल्या छोट्या राइड्स यांना सेन्सर काही करू शकत नाही. २०१८ मध्ये होंडाच्या टर्बो पेट्रोल गाड्यांचं ऑइल चीनच्या थंड भागात पेट्रोलमुळे वाढू लागलं होतं, आणि त्या काही कार्ब्युरेटरच्या नव्हत्या.

बाबांची डिझेल एसयूव्ही घेऊन जाणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. नव्या डिझेल गाड्यांत काजळीचा फिल्टर असतो. तो साफ करायला बऱ्याच गाड्या अधूनमधून सिलिंडरमध्ये मुद्दाम उशिरा जादा डिझेल सोडतात. फिल्टर तापतो, काजळी जळते. रस्त्याचं काम चालू आहे म्हणून आपण मध्येच इंजिन बंद केलं की ते अर्धवट राहतं, पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून, आणि प्रत्येक खेपेला थोडं डिझेल ऑइलमध्ये. डिझेल १८० अंशांच्या पुढे उकळतं, त्यामुळे ते पेट्रोलसारखं उडून जात नाही, साठत राहतं. फिल्टर साफ होत असल्याची खूण किंवा दिवा दिसला तर पंधरा-वीस मिनिटं एका वेगात चालवून ते पूर्ण होऊ द्या. आणि डिपस्टिकवर वरच्या रेघेच्या बरंच वर ऑइल दिसलं तर इंजिन सुरूच करू नका. डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल इंधन म्हणून ओढू लागलं तर किल्ली काढूनही थांबत नाही.

बाइकवाल्यांनी नवं ऑइल भरल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तीच पद्धत: सपाट जागा, गाडी सरळ, काही मिनिटं थांबून डिपस्टिक, धुतलेले हात, नवा टिश्यू. पातळी पुन्हा चढली असेल तर लेहच्या बाजारात फ्लोटची सुई आणि पेट्रोलचा नॉब मिळतो का बघा, आणि नुब्राचा बेत एक दिवस पुढे ढकला.